टेस्ट ग्रुपमधला एक फोन

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते आणि आमच्याच ऑफिसला लिफ्ट नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत खाली साड्यांचं होलसेल, त्यावर बांगड्यांचं गोदाम आणि त्याच्यावर आम्ही. जिने चढून धापा टाकत आलेल्या प्रत्येक ग्राहकाला हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटतं. आम्हीही हसतो. ग्राहक आहे, हसावं लागतं.

इथे हँडसेट, सिमकार्ड, युनिफॉर्म आणि औजारांच्या पेट्या माझ्या ताब्यात असतात. शेजारच्या टेबलावर ज्ञानदीप बसतो. नव्या टेक्निशियनला मी फोन काढून देते आणि ज्ञानदीप त्या फोनला कुलूप घालतो. खरं कुलूप नव्हे. एमडीएम नावाचं एक सॉफ्टवेअर असतं. ते फोनमध्ये टाकलं की इंदूर, देवास, पिथमपूर असे कुठेकुठे फिरणारे कंपनीचे सगळे फोन या एका टेबलावरून चालवता येतात. कुठलं ॲप चालेल, कुठला नंबर लागेल, फोन आत्ता कुठे आहे, चोरीला गेला तर इथूनच पुसून कोरा कसा करायचा, सगळं ज्ञानदीपच्या हातात. टेक्निशियन पोरं त्याला 'ताला भिया', म्हणजे कुलूपवाला भैया, म्हणतात. ते तोंडावर. मागे काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

हा माणूस मला आवडतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे. सध्या तो माझ्याशी बोलतो ते कीबोर्डकडे बघून. डबा एकटाच खातो. मी त्याला काही बोलले म्हणून नव्हे. मला सगळं माहीत आहे म्हणून.

अपराधी वाटून घेण्यात ज्ञानदीपचा हात कुणी धरणार नाही. चहावाल्याच्या हातून ग्लास फुटला तरी सॉरी हा म्हणणार. एकदा एका टेक्निशियनचा फोन सराफा बाजारात खिशातून गेला. ज्ञानदीपने नियमाप्रमाणे तो पुसून टाकला, त्यात त्या पोराच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. कंपनीच्या फोनमध्ये घरचे फोटो ठेवू नका, हे त्या पोराला आधी सांगितलेलं होतं. तरीही कितीतरी दिवस ज्ञानदीप त्याला बघून जिन्यातच थांबायचा. शेवटी तो पोरगाच वैतागून म्हणाला, "भिया, दूसरी बहन की शादी में खींच लूँगा, आप खाना तो खाओ."

आणि म्हणूनच त्याची एक पद्धत होती. नवा माणूस आला की ज्ञानदीप त्याला समोरच्या खुर्चीत बसवायचा, हातातला फोन उलटा ठेवायला लावायचा आणि सांगायचा, "देखो भाई, इस फोन में मैं ये-ये देख सकता हूँ, ये-ये बंद कर सकता हूँ. तुमको बिना बताए कुछ नहीं करूँगा. मंजूर हो तो लो, नहीं तो अभी बोल दो." एकही माणूस नाही म्हणायचा नाही, नोकरी कुणाला नको असते? पण ज्ञानदीपला ते विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही. आमचे मॅनेजर मनीष सर चिडायचे की इतका वेळ कशाला घालवतोस, बटण दाब आणि मोकळा हो. त्यांच्याशी तर त्याचं एकदा चांगलंच वाजलं. सरांना ड्यूटी संपल्यावरही पोरं कुठे असतात ते बघायचं होतं. एरवी गोगलगाय असलेला ज्ञानदीप उभा राहून म्हणाला, "नाही सर. छह के बाद आदमी अपना होता है." सरांनी विषय सोडून दिला. त्या दिवशी मी त्याला माझ्या पैशाने कचोरी खाऊ घातली.

आता त्याच्या वडिलांबद्दल.

बाबूराव मूळचे महूचे. फौजेत ट्रक चालवायचे, रिटायर होऊन जमाना झाला. बायको गेल्यावर मुलगा आणि सून त्यांना जुनी इंदूरला आपल्याकडे घेऊन आले. सून धम्मदीना नर्स आहे. बुद्ध पौर्णिमेला त्यांच्याकडे खीर खायला मी गेले होते तेव्हा बाबूरावांशी पहिल्यांदा नीट बोलणं झालं. बोलणं म्हणजे त्यांनी बोलायचं आणि मी खीर खायची. आणि बोलण्याचा विषय एकच, जयसिंगराव.

जयसिंगराव मानपुरचे, मराठा घराण्यातले. पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते, हे ते दर दहा वाक्यांनंतर सांगत असत म्हणे. फौजेत दोघे एकाच ट्रकवर होते. डोंगरात एकाने चालवायचं तेव्हा दुसऱ्याने झोपायचं नाही, गाणी म्हणून जागं ठेवायचं, असा करार. रिटायर झाल्यावर जयसिंगरावांनी मानपुरला हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान टाकलं. "मी त्याला म्हणतो," बाबूराव मिशीत हसत म्हणाले, "पणजा घोड्यावर, पणतू ट्रकवर, आणि आता तोच पणतू टायरखाली. वाह रे खानदान!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता, तरी बाबूरावांनी झडप घालून उचलला. पलीकडून एवढ्या मोठ्याने आवाज आला की मलाही ऐकू आला, "बाब्या, जिंदा है क्या?"

धम्मदीनाने मला समजावलं. जयसिंगरावांचा स्वतःचा फोन कधी चालूच नसायचा. ट्यूबमधली हवा कुठून जाते ते बघायला दुकानात पाण्याचा टब असतो, त्यात तो अधूनमधून पडायचा. मग सकाळच्या चहाला जो कोणी ट्रकवाला टायर काढून बसलेला असेल त्याचा फोन ते मागायचे आणि बाबूरावांना लावायचे. आज पंजाबच्या माणसाचा, उद्या तमिळनाडूच्या. रोज नवा नंबर. त्यामुळे बाबूराव कुठलाही अनोळखी फोन उचलत, आणि उचलताना चेहरा आधीच हसरा करून ठेवत.

असाच एक अनोळखी फोन त्यांनी एका दुपारी उचलला आणि तो जयसिंगरावांचा नव्हता.

व्हिडिओवर खाकी कपड्यातला माणूस होता. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात भलतंसलतं सापडलंय, तुम्हाला घरातच अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पेपरात रोज छापून येतं, आपण वाचून म्हणतो, लोक कसे फसतात देव जाणे. बाबूराव उभं आयुष्य हुकमात राहिलेला माणूस. समोर वर्दी, वरच्या आवाजात हुकूम. ते खुर्चीत ताठ बसून राहिले. पाणी प्यायला उठले नाहीत, लघवीलाही नाही. धम्मदीना ड्यूटीवरून आली तेव्हा ते पासबुक मांडीवर घेऊन फोनकडे बघत 'यस सर' म्हणत होते आणि पायजमा ओला झालेला होता. तिने फोन हिसकावून बंद केला. पैसा गेला नाही. पण माणूस जायचा तेवढा गेलाच.

त्यांनी ते फक्त एकाला सांगितलं, जयसिंगरावांना. आणि जयसिंगराव हसले. त्यांचा तो स्वभावच होता. "फौजी होकर मोबाइल को सॅल्यूट मारा? अरे बाब्या!" असं म्हणून इतके हसले की फोनमधून ज्ञानदीपलाही ऐकू गेलं. बाबूरावांनी फोन ठेवून दिला. दोन-चार दिवसांत राग गेला असता. असल्या रागांवर तर त्यांची दोस्ती उभी होती.

पण इकडे ज्ञानदीपला झोप लागत नव्हती. "ताई," तो मला म्हणाला, "दुनिया के फोन सांभाळतो मी. आणि माझ्या घरात माझा बाप अख्खी दुपार तसा बसून होता. मी इथे बसून लोकांचे ॲप अपडेट करून राहिलो होतो." डोळे लाल. मी म्हटलं, तुझी काय चूक? तो म्हणाला, "मग कोणाची?"

कंपनी जुने हँडसेट स्टाफला विकते. त्यातला एक त्याने घेतला आणि वडिलांचं सिम त्यात घातलं. पण देण्याआधी तो फोन त्याने आमच्या सिस्टीमला जोडला. कुठलीही नवी सेटिंग सगळ्या फोनवर पाठवण्याआधी दोन-तीन फोनवर करून बघतात, त्याला टेस्ट ग्रुप म्हणतात. त्या टेस्ट ग्रुपमध्ये बाबूराव भरती झाले. मनीष सरांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. आणि ज्ञानदीपने यादी केली. यादीतल्या नंबरांचेच फोन वाजतील, बाकीचे आपोआप कापले जातील. तो, धम्मदीना, बहीण, डॉक्टर, गॅसवाला, महूचे नातेवाईक. जयसिंगरावांचा नंबरही घातला, तो टबात पडणारा.

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"हो ना. सांगितलं, अपडेट टाकलाय."

मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. आजही निम्मं वाटतं. दुसरं निम्मं असं की जो माणूस परक्या पोरांना समोर बसवून 'तुमको बिना बताए कुछ नहीं करूँगा' म्हणायचा, त्याने बापाला 'अपडेट' म्हणून गुंडाळलं. पण हे मला नंतर सुचलं. पश्चात्बुद्धीत मी कुणाला हार जाणार नाही.

मग रोज सकाळी ज्ञानदीप आम्हाला स्क्रीन दाखवायला लागला. वडिलांच्या फोनवर कुठले कुठले कॉल अडवले गेले ते त्यात दिसायचं. "बघ ताई, हरियाणा. काल पंजाब. आज तर नागालँड! साले सुबह-सुबह चालू होतात." आम्ही सगळे वाहवा करायचो. दोघातिघांनी तर आपल्या आई-वडिलांचे फोन आणून दिले, आमच्याही म्हाताऱ्यांना ताला मार भिया म्हणून. ज्ञानदीप किती दिवसांनी हसताना दिसत होता. अपराध फिटल्यावर माणूस हसतो तसा.

जयसिंगरावांची ती ट्रकवाल्यांचे फोन मागायची सवय मला तेव्हा आठवली नाही, खरंच नाही. मी ती एकदाच ऐकली होती, खीर खाता खाता. ज्ञानदीप तर ती वर्षानुवर्षं ऐकत आला होता.

काही दिवसांनी मी एका कामासाठी त्याच्या घरी गेले, तो अजून यायचा होता. बाबूराव दारातल्या खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. मी बाजूला बसले तर म्हणाले, "पोरी, जरा तुझा फोन दे." मी दिला. त्यांनी तोंडपाठ नंबर लावला. बंद होता. फोन परत देताना म्हणाले, "हसला तो माझ्यावर. आता लाज वाटत असेल त्याला, की इतकी वर्षं ज्याच्या बाजूला बसलो तो असा निघाला. ठीक है. उसका भी हक है."

मी म्हटलं, "काका, मानपुर काही विलायतेत नाही, जाऊन या की."

"त्याने बोलवावं ना," ते म्हणाले. "मी काय तोंड घेऊन जाऊ?"

हे मी ज्ञानदीपला सांगितलं. तो म्हणाला, "शांत आहेत, आराम करून राहिले आहेत. बरं आहे." आणि स्क्रीनकडे वळला. त्या दिवसापासून त्याने आम्हाला अडवलेले कॉल दाखवणं बंद केलं. मला वाटलं, त्याचं त्यालाच आता कंटाळवाणं झालं असेल.

गेल्या आठवड्यात दुपारी ज्ञानदीपचा स्वतःचा फोन वाजला. तो "हं, हं" म्हणत ऐकत होता आणि ऐकता ऐकता उभा राहिला. मग फोन टेबलावर ठेवला आणि तडक जिन्याकडे गेला. मी मागोमाग गेले. बांगड्यांच्या गोदामासमोर, दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर तो बसला होता.

फोन सुरुचीचा होता. सुरुची म्हणजे जयसिंगरावांची सून. महूच्या कुणाकडून तरी तिने ज्ञानदीपचा नंबर मिळवला होता. जयसिंगरावांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडातून शब्द नाही. आणि ती म्हणाली, "भैया, काकांना एकदा घेऊन या. काय नाराजी झाली मला नाही माहिती. पप्पा रोज ट्रकवाल्यांच्या फोनवरून लावायचे, अर्धी घंटी व्हायची आणि कट. तरी लावायचे. म्हणायचे, बाब्या काट रहा है, काटू दे, किती काटेल."

मी म्हटलं, "अरे देवा. तू विसरलास की ते दुसऱ्यांच्या फोनवरून लावतात."

ज्ञानदीपने नाही अशी मान हलवली.

"मी विसरलो नव्हतो, ताई."

खाली साडीवाल्याकडे कुणीतरी गठ्ठा आपटला.

"यादी करत होतो तेव्हाच आठवलं होतं. वाटलं, जाऊ दे. एका माणसासाठी दरवाजा उघडा ठेवला की सगळेच घुसणार. आणि काका हसले होते ना बाबांवर. मला राग होता. वाटलं, थोडे दिवस नाही बोलले तर काय बिघडतं. मग ते नंबर यायला लागले. रोज सकाळी, चहाच्या टायमाला. फ्रॉडवाले असे टायमावर येतात का? मला पहिल्या आठवड्यात समजलं. तरी मी तुम्हाला दाखवून हसत होतो. मग दाखवणंही जमेना. मी ती स्क्रीन उघडायचो आणि बंद करायचो. एक बटण होतं, ताई. एक बटण."

मला राग आला. एवढा की पायरीवर बसलेल्या माणसावर आवाज चढवू नये हेही सुचलं नाही. मी म्हटलं, "छह के बाद आदमी अपना होता है, नाही का? आणि बाप? तो चोवीस तास तुझा?"

तो रडला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतले नाहीत. मी त्याला म्हटलं, आज घरी जाऊन बाबांना सांगायचं. मानपुरला जायच्या आधी. तुझ्या तोंडून. तिथे जाऊन दुसऱ्याकडून कळता कामा नये. तो म्हणाला, आजच सांगतो. वर येऊन त्याने पहिलं काम केलं ते टेस्ट ग्रुपमधून बाबूरावांचा फोन मोकळा करण्याचं. बटण खरंच एकच होतं. मी उभी राहून बघितलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, सांगितलंस? म्हणाला, काकांच्या झटक्याचं सांगितलं, बाबा इतके हादरले की बाकीचं राहून गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, गाडीत सांगतो, तेव्हा दोघंच असू. मी म्हटलं, ज्ञानदीप. तो म्हणाला, "शपथ, ताई."

रविवारी ते गेले. सोमवारी सकाळी तो आला तो माझ्याकडे न बघता बसला. जेवणाच्या सुट्टीत मीच त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली. पुढचं सगळं त्याने सांगितलं तसं लिहिते.

बाबूरावांनी सकाळी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत महूला गाडी थांबवून जयसिंगरावांना आवडतात म्हणून पपई आणि चिकू घेतले. गाडीभर त्यांच्याच गोष्टी सांगत होते, ट्रकच्या, बर्फाच्या, एकदा ब्रेक फेल झाले त्याच्या. कितीतरी दिवसांनी बोलत होते. ज्ञानदीपने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा बाबूरावांनीच नवी गोष्ट सुरू केली आणि दोन्ही वेळा त्याला बरं वाटलं.

दुकान बंद होतं. मागच्या खोलीत खाटेवर जयसिंगराव पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. बाबूरावांना बघितल्यावर त्यांनी डावा हात वर केला. बाबूरावांनी तो दोन्ही हातांत धरला आणि खाटेच्या कडेला बसले. दोघेही रडत होते, एक आवाज काढून, एक आवाज न काढता. मग डोळे पुसून बाबूराव नेहमीच्या सुरात ओरडले, "साल्या, इतके दिवस झाले. एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

जयसिंगरावांच्या घशातून कसलासा आवाज आला. त्यांनी डोळ्यांनी सुनेकडे खूण केली, तू सांग अशी.

सुरुची चहा घेऊन उभी होती. ती रागाने बोलली नाही, ज्ञानदीप म्हणतो. साधं सांगितल्यासारखं म्हणाली, "काका, ते तर रोज करायचे. तुम्हीच कापायचात."

"मी?" बाबूराव म्हणाले.

"अर्धी घंटी झाली की कट. रोज. मी माझ्या फोनवरून पण लावला होता."

बाबूरावांनी हातातला हात तसाच ठेवून मान मागे वळवली आणि मुलाकडे बघितलं.

"ताई, एकदाच बघितलं त्यांनी," ज्ञानदीप म्हणाला. "समजलं त्यांना. अपडेट म्हणजे काय ते समजलं. मला काही सांगावंच नाही लागलं. रागाने नाही बघितलं. थांबले होते. मी बोलेन म्हणून थांबले होते. मी तोंड उघडलं पण होतं."

मग बाबूराव पुन्हा दोस्ताकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "मीच कापत होतो. तू हसलास ना माझ्यावर त्या दिवशी. डोकं सटकलं होतं माझं."

जयसिंगराव त्यांच्याकडे बघत राहिले. ज्ञानदीप म्हणाला, त्या चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती, पण दुसरी हलली, आणि ते बघवलं नाही. मग त्यांनी आपला डावा हात बाबूरावांच्या हातांतून हळूहळू सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला. त्या एका चांगल्या हातालाही ते जड जात होतं. बाबूरावांनी मदत केली. चादर नीट केली. सुरुचीने चहाचे कप खाली ठेवले आणि ती आत निघून गेली.

मग ज्ञानदीप म्हणाला, परत येताना बाबा गाडीत झोपले होते, निदान डोळे तरी बंद होते. घरी आल्यावर धम्मदीनाला म्हणाले, जयसिंग बरा आहे. मला एक शब्द बोलले नाहीत, ताई. उलट रात्री मला वाढून दिलं.

"ते नंतरचं सोड," मी म्हटलं. "तिथे. खोलीत. काकांनी हात काढून घेतला, तुझे बाबा तसेच बसलेत. तू काय केलंस?"

तो कीबोर्डकडे बघत होता.

"मी म्हटलं, चला बाबा, निघू या. महूला जाम लागेल."